मामाचं रक्त

हे मी दुपारी लिहिते आहे, कारण माझा आजार दुपारचा होता. सकाळी मी बरी असायची. डबे करायची, सेंगकांगहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून रॅफल्स प्लेसला ऑफिसात जायची, बँकेचे हिशेब तपासायची आणि दुसऱ्यांच्या चुका आनंदाने काढायची. जेवण झालं की मात्र समोरचे आकडे पाण्याखाली गेल्यासारखे हलायला लागायचे. कुणी काही बोललं तर ते शेजारच्या खोलीतून बोलतंय असं वाटायचं. कित्येक वर्षं मी त्याला वय म्हटलं, भात म्हटलं, सिंगापूरची दमट हवा म्हटलं. हेपटायटिस सी हे नाव माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

ज्या कुणाला नुकतंच हे नाव कळलं असेल आणि जो आत्ता इंटरनेटवर नको नको ते वाचत बसला असेल, त्याने आधी ते बंद करावं. माझ्याकडे एवढाच एक सल्ला आहे. बाकी काय झालं तेवढं मी सांगू शकते, आणि त्यातलंही बरंचसं अर्धवट झोपेत झालं.

फोन

ऑफिसात रक्तदानाचा कॅम्प होता. हिमोग्लोबिन कमी म्हणून मला पूर्वी दोनदा परत पाठवलं होतं, पण मी चिवट. मला रक्त परत करायचं होतं.

त्याचं असं, की लहानपणी चिपळूणजवळच्या आजोळी मी आंब्याच्या झाडावरून थेट कुंपणाच्या दगडी गडग्यावर पडले होते. पोटात रक्तस्राव झाला. रत्नागिरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी पांढरीफटक पडले होते, आणि तिथे आईच्या धाकट्या भावाने, वसंतामामाने, मला आपलं रक्त दिलं. मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. ही गोष्ट आमच्याकडे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली जायची. मला गणितात चांगले मार्क पडले की मामा म्हणायचा, "बघा, माझं रक्त बोललं." मी आगाऊपणा केला की म्हणायचा, "हे मात्र तिच्या बापाचं."

तर तिसऱ्या खेपेला माझं रक्त घेतलं, आणि काही दिवसांनी रक्तपेढीचा फोन आला. फोनवर काही सांगेनात, भेटायला या म्हणाले. मी मनात म्हटलं, पिशवी फुटली असेल, पुन्हा मागत असतील. तिथे गेले तर टेबलावरचा टिश्यूचा डबा माझ्या बाजूला सरकवून ठेवलेला.

पुढे ज्या डॉक्टरांकडे मला पाठवलं त्या माझ्याच वयाच्या, शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांनी टॅटूचं विचारलं, सुयांचं विचारलं. मी नाही नाही म्हणत गेले.

"लहानपणी कधी रक्त चढवलं होतं?"

"हो," मी सवयीने कौतुकाने म्हटलं. "माझ्या मामाचं."

मामा आता कुठे असतात, त्यांनी विचारलं. गेला, मी म्हटलं. कशाने? लिव्हरने, पोटात पाणी झालं होतं. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्या काळी रक्त या आजारासाठी तपासायची सोय नव्हती, त्या म्हणाल्या, खात्रीने काही सांगता येणार नाही, पण. आपण आत्ता काय बोललो ते तेव्हा कुठे माझ्या कानात शिरलं.

नवरा शिरीष जहाजावर चीफ इंजिनिअर, तेव्हा तो कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून बसला होता. त्याची तपासणी सुट्टीवर आल्यावर झाली, पण आमच्या ईशाची मी त्याच आठवड्यात करून घेतली. माझं मलाच किती वर्षं माहीत नव्हतं आणि मी तिला पोटात वाढवलं होतं. तिचा रिपोर्ट चांगला आला. त्या दिवशी मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये नळ सोडून ठेवून मनसोक्त रडले. त्यानंतर स्वतःसाठी तशी रडले नाही.

राहिली आई. मामा गेला तेव्हा गावात एकच बोललं जायचं: डेपोतला माणूस, पीत असणार, नाहीतर लिव्हर जातं का असं. आईने मग त्याचं नावच टाकलं. रक्ताची गोष्ट तिने पुन्हा कधी सांगितली नाही. मी ते दुःख समजत होते. आता तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते, की तुझ्या भावाने ज्या पिशवीतून मला जीव दिला त्याच पिशवीतून हेही आलं? शिरीष फोनवर म्हणाला, आईंना इतक्यात काही बोलू नकोस. मलाही तेच हवं होतं.

खरी की खोटी

आधी नेहमीच्या गोळ्या झाल्या. बहुतेक लोक त्यांनी बरे होतात. मी त्या बहुतेकांत बसले नाही. विषाणू काही महिने गायब झाला आणि मग सुट्टी संपवून आल्यासारखा रिपोर्टात पुन्हा हजर. लिव्हरवर वण दिसायला लागले होते. तेव्हा डॉक्टरांनी एका चाचणीचा विषय काढला. नवं औषध, ज्यांच्यावर जुनं चाललं नाही त्यांच्यासाठी. काहींना आधी औषध मिळणार, काहींना आधी दिसायला अगदी तशीच पण रिकामी गोळी. कुणाला काय मिळालं ते मला कळणार नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. रिकामी मिळालेल्यांना खरी गोळी नंतर देणार होते. संमतीचे कागद मी ऑडिटरच्या नजरेने वाचले, त्यांत एक पान दोनदा लागलेलं शोधून काढलं, आणि एवढा शहाणपणा करून सही भलत्याच ओळीवर केली. हेही चाललं नाही तर पुढे काय, हे मी विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही.

मदतीला चिपळूणहून आई आली. आई प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका, तिला कुणी अडाणी समजलेलं खपत नाही. बॅगेतून तिने कुळथाचं पीठ काढलं, मग भुईआवळ्याची पावडर, मग गुळवेलीचं सत्त्व. चाचणीच्या काळात दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, झाडपाल्याचं तर मुळीच नाही, असं तिथल्या नर्सने, हुई मिनने, मला बजावून सांगितलं होतं. कुळीथ तेवढा पास झाला. बाकीचं मी कपाटात ठेवलं आणि आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

तिला मी सांगितलं होतं की ही काविळीचीच एक जात आहे, पाण्यातून झाली. गोळ्यांचं मात्र खरं सांगितलं.

"ज्या डॉक्टरलाच ठाऊक नाही गोळी खरी की खोटी," आई म्हणाली, "त्याच्या भरवशावर बसलीस तू?"

मी तिला समजावलं, की अशानेच औषधाची पारख होते. तिने ऐकून घेतलं, पीठ डब्यात भरलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "खोट्याने माणसाचं वाटोळं होतं गं." मला वाटलं, गोळीबद्दलच बोलते आहे.

गोल गाडी

चाचणीचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ठरलेल्या दिवशी उपाशीपोटी जायचं, हातात सुई टोचून ठेवायची, आरामखुर्चीत पडायचं. मधून मधून हुई मिन येऊन त्याच सुईतून थोडं रक्त काढून न्यायची. तिची बोटं लहान आणि गार होती आणि पट्टी काढताना ती दर वेळी आधी सॉरी म्हणायची. काचेबाहेर मोठी रेन ट्रीची झाडं. त्यांच्या पानांतून ऊन माझ्या चादरीवर हलत असायचं, आणि मी तरंगायला लागायची.

अशाच एका दुपारी शेजारच्या रिकाम्या खुर्चीत मामा बसलेला दिसला. खाकी कपडे, एक बाही दुमडलेली. रक्त दिल्यावर देतात तसा गोड चहा त्याच्या हातात होता, आणि त्याला ग्रीसचा आणि कपडे धुवायच्या साबणाचा वास येत होता. मला भीती वाटली नाही. तो फुंकर मारून चहा प्यायला. हुई मिनने पट्टी ओढली आणि तो गेला.

परत येताना एमआरटीतून उतरून आमच्या ब्लॉककडे जाणारी छोटी एलआरटी घ्यायची. तिला ड्रायव्हर नसतो आणि ती गोल फिरते. बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा, आमचं स्टेशन निघून जायचं, आणि गाडी मला पुन्हा तिथेच आणून सोडायची. कधी कधी मी जागी असूनही उतरत नसे. खिडकीबाहेरून बांबूंवर वाळत घातलेले कपडे जायचे, कुणाचे शाळेचे गणवेश, कुणाच्या चादरी, आणि मामा समोरच्या सीटवर बसून गाडी बिनड्रायव्हरची कशी चालते ते मेकॅनिकच्या कुतूहलाने बघत असायचा. मी बरी होईन का, असं त्याला विचारायचं माझ्या मनात यायचं. पण त्याला विचारायचं म्हणजे तूच मला हे दिलंस असं म्हटल्यासारखं होईल, म्हणून मी गप्प राहायची.

घरी आले की सोफ्यावर पडायची. खालच्या झाडात कोकीळ ओरडायचा. इथला कोकीळ ऋतू बघत नाही, बाराही महिने चालू असतो, त्यामुळे मी चिपळूणला आहे की सेंगकांगला हे मला चटकन कळायचं नाही. अशा गुंगीत मला डोक्यावर हात जाणवायचा. हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे: मी झोपले आहे आणि कुणीतरी माझ्या डोक्यावर जड, गरम हात ठेवलाय, त्याला ग्रीसचा वास येतोय. पण या हाताला हिंगाचा वास यायचा. आणि कुणीतरी पुटपुटायचं, "सुटली, सुटली."

एकदा मी डोळे उघडले. आईने तव्यावरून उचलावा तसा हात उचलला.

दृष्ट काढत होते, ती म्हणाली. मीठ-मोहऱ्यांशिवाय? मी विचारलं. तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं आणि ती आत गेली. दूध फ्रीजमध्ये होतं.

चहा

पुढच्या वेळी आई माझ्याबरोबर हॉस्पिटलात आली. रक्त देऊन झाल्यावर आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या एका टेबलाशी बसलो. मी दोघींसाठी चहा आणला, इथला तो दाट, कंडेन्स्ड मिल्कचा गोड चहा. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, वसंता असाच प्यायचा. कित्येक वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"आई," मी म्हटलं, "मी झोपले की तू सुटली सुटली काय म्हणतेस?"

लहानपणी आम्ही खेळात कुणाला शपथ घातली की शेवटी 'सुटली' म्हणायचो, म्हणजे ती बाधत नाही. तेवढाच अर्थ मला माहीत होता.

आईने ग्लास खाली ठेवला. मग तिने सांगितलं. मामाच्या पोटात पाणी व्हायला लागलं तेव्हा लोक बोलायला लागले, माझे बाबाही बोलायला लागले. आईने मामाला घरी बोलावून घेतलं. मी दहावीत होते, अभ्यास करता करता दुपारी चटईवर झोपले होते. आईने त्याला सांगितलं, हिच्या डोक्यावर हात ठेवून सांग की पीत नाहीस. मामा डेपोतून तसाच आला होता. आधी मोरीत जाऊन त्याने साबणाने हात धुतले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, अक्का, मी कधी थेंब घेतलेला नाही. आईने विश्वास ठेवला. पण मामा खंगतच गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरनेही तिलाच विचारलं की हा किती वर्षं पितोय. तेव्हा तिचा विश्वास उडाला. आपल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून हा खोटं बोलला, असं तिने मनाशी धरलं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो दारात आला आणि तिने त्याला ओवाळलं नाही. पुढच्या बीजेला तो नव्हता.

"तेव्हापासून तुला साधा ताप आला तरी माझ्या काळजात धस्स होतं," आई म्हणाली. "आणि आता लिव्हरच. त्याची खोटी शपथ तुला लागली, नीलू. आणि ती मी घ्यायला लावली."

मी एक गोष्ट तिच्यापासून लपवत होते आणि ती दुसरी गोष्ट माझ्यापासून, आणि दोन्ही गोष्टी एकच होत्या. आता गप्प राहणं पाप होतं. मी तिला सगळं सांगितलं. हा आजार पाण्यातून होत नाही, रक्तातून होतो. कुठल्या तरी न उकळलेल्या सुईतून तो मामाला झाला असणार, पुष्कळांना तसा व्हायचा, आणि झालाय हे त्यालाही माहीत नसणार. त्याच्या रक्तातून तो माझ्यात आला. दारूचा थेंब न घेताही या आजाराने लिव्हर जातं. हे सगळं मी ग्लासाकडे बघत बोलले. भावाने तिच्या पोरीला आजार दिला, हे ऐकून ती कोसळेल असं मला वाटत होतं.

"म्हणजे तो खरं बोलला होता?" आईने विचारलं.

"असंच वाटतंय, आई."

आई रडली नाही. पदराने तोंड पुसलं. आजूबाजूला ट्रे गोळा करणाऱ्या बायका, पंखे, कुणाच्या तरी नूडल्सची वाफ. आईचा चहा संपला होता. तिने माझा अर्धा राहिलेला ग्लास ओढून घेतला. चहातून हे पसरत नाही हे तिला मी अजून सांगितलं नव्हतं. "आई, तो माझा आहे," मी म्हटलं. माहीत आहे, म्हणाली, आणि तळापर्यंत प्यायली.

तरी शिक्षिकाच ती, तोंडी उत्तरावर तिचं समाधान होईना. पुढच्या खेपेला ती डॉक्टरांसमोर उभी राहिली आणि रात्रभर मनात जुळवलेलं इंग्रजी वाक्य तिने सावकाश म्हटलं: "डॉक्टर, माय ब्रदर वॉज नॉट ड्रिंकिंग."

डॉक्टर माझ्याकडे बघून थांबल्या. मग आईला म्हणाल्या, आंटी, त्यांना न तपासता मला शंभर टक्के सांगता येणार नाही, पण त्यांना हा आजार असला तर दारूची काही गरजच नव्हती. आईने मान डोलावली. हुई मिन माझी पट्टी काढताना सॉरी म्हणायला विसरली.

रिकामी

चाचणीचा पहिला भाग संपल्यावर डॉक्टरांनी उघड केलं. मला रिकामी गोळी मिळाली होती. ती गुंगी, तो शेजारच्या खुर्चीतला चहा, एलआरटीतला मामा, हे सगळं मी औषधाच्या माथी मारत होते, आणि औषध माझ्या पोटात गेलंच नव्हतं. मी बराच वेळ हसत सुटले. त्यानंतर खरी गोळी सुरू झाली. तिने मला मळमळ दिली, डोकेदुखी दिली, पण स्वप्न एकही दिलं नाही. मी गाडीत डोळे मिटून बसायची, मुद्दाम एक फेरी जास्त मारायची. समोरची सीट रिकामीच.

आई मधल्या काळात गावी जाऊन दिवाळीला परत आली. शेवटचा रिपोर्ट तिच्यासमोरच मिळाला. विषाणू सापडत नव्हता, आणि औषध बंद करून पुरेसे दिवस झाले होते, म्हणजे हा निकाल पक्का. शिरीषला जहाजावर फोन लावला तर त्याने मला रिपोर्ट दोनदा वाचून दाखवायला लावला.

"आई, माझ्या रक्तात आता काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही कसं?" आई म्हणाली. "वसंताचं रक्त आहे की. तेच बोललं शेवटी."

बीज

ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आईने इतकी वर्षं तेही केलं नव्हतं. या वर्षी तिने संध्याकाळीच नवं लुगडं नेसून ताम्हन तयार केलं. आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधून पश्चिम दिसते, पण मध्ये समोरचा ब्लॉक आणि वर ढग. ईशाने फोनवर चंद्र शोधला.

"आजी, इट्स देअर लाह, त्या ब्लॉकच्या मागे," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "फक्त दिसत नाहीये."

आई निरांजनाला हाताचा आडोसा धरून उभी राहिली. शेजारची मलय बाई भाजी घेऊन आली, थांबून बघून हसली आणि आत गेली. तूप कमी होत चाललं, ज्योत लहान झाली. चंद्र काही आला नाही. मग आई माझ्याकडे वळली आणि खुर्चीकडे बोट करून म्हणाली, बस.

तिने मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. ताम्हन खाली ठेवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी डोळे मिटले. खालच्या झाडात कोकीळ ओरडत होता, आणि क्षणभर मी चटईवर होते, मोरीत कुणीतरी साबणाने हात धूत होतं. मी त्या शब्दाची वाट बघत राहिले. आईचा हात तसाच होता.

"आई," मी म्हटलं, "सुटली म्हणायचं राहिलं."

"राहू दे," आई म्हणाली. "खरी आहे ती शपथ. राहू दे तुझ्या डोक्यावर."